ऑफिशियल चिलखत आणि माझे खांदे

ऑफिशियल चिलखताचा पहिला फोटो आमच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी क्लिनिकमध्ये एका आजोबांचा आखडलेला खांदा हळूहळू वर नेत होते. टेबलावर फोन थरथरायला लागला तो थांबेचना. शेवटी आजोबाच म्हणाले, "बघा ना, घरी काहीतरी झालं असेल."

घरी काही झालं नव्हतं. ज्या चिलखतावर आम्ही दोनेक वर्षं डोकेफोड करत होतो, ते आता एक परदेशी कंपनी सिनेमावाल्यांचा परवाना घेऊन विकायला काढणार होती. फोटोखाली लिहिलं होतं, पडद्यावर होतं तसंच, हुबेहूब. आणि त्याखाली भांडुपच्या माझ्या मित्राचा मेसेज: "डॉक्टर, छाती बघ. वाट लावली."

मी फोटो मोठा केला. आजोबांनीही मान वळवून पाहिलं. "नाटकाचं का हो?"

"सिनेमाचं," मी म्हटलं. "पण चुकीचं आहे."

मी फिजिओथेरपिस्ट. मुलुंड पूर्वेला माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. आणि रविवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी सिनेमातलं चिलखत बनवते. हे वाक्य आता सहज लिहिता येतं, पण बरेच दिवस ते कुणाला सांगायची चोरी होती. चाळिशीची बाई, घरात सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि ही चटया कापून अंगावर बांधते, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये कसं सांगणार?

त्याची सुरुवात झाली ती एका सिनेमाने. समुद्रकाठच्या एका किल्ल्याची काल्पनिक गोष्ट होती. नवऱ्याने हट्टाने नेलं म्हणून मी गेले होते. किल्ल्याच्या दारावर पहारा देणारी एक बाई त्यात आहे. तिला गोष्टीत नावसुद्धा नाही. बोलते फार थोडं. अंगावर तांब्याचं, खाऱ्या वाऱ्याने हिरवट पडलेलं चिलखत. एका प्रसंगात ती गुडघ्यावर बसते, पुढे वाकते आणि फरशीला कान लावून ऐकते. दूरवरून घोडे येतायत हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. बाकी राजवाडा झोपलेला असतो.

मला मात्र आधी दिसले ते तिचे खांदे. चांगले रुंद. माझेही तसेच आहेत. शाळेत दोरीचा मल्लखांब केला, नंतर पोहले, त्याने ते जे भरले ते भरले. लग्नासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा मावशी सांगायची, "पदर दोन्ही खांद्यांवरून घे गं, पैलवान वाटतेस." पुढे पंधरा-वीस वर्षं मी ब्लाउज शिवतानाही शिंप्याला बाही जरा आत घ्यायला सांगत आले. आणि इथे पडद्यावर एक बाई तेच खांदे मागे टाकून दारात उभी होती, तिला बघून सैन्य थांबत होतं. इंटर्व्हलला नवरा पॉपकॉर्न घेऊन आला आणि म्हणाला, "ती तुझ्यासारखी उभी राहते."

बस, तेवढ्यावर मी बिघडले.

भांडुपचा मित्र मला अशाच वेडातून सापडला. तो आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. त्याचे आईवडील जालन्याकडून आले, तो भांडुपमध्येच वाढला. चित्र थांबवून, पडद्यावरची माणसं दाराच्या चौकटीशी ताडून, खांदा किती, कंबर किती हे तो कागदावर उतरवायचा. मी योगासनांच्या चटईसारखा जाड फोम आणून त्याच्या आराखड्यावर कापायची, गरम हवेच्या बंदुकीने वाकवायची, चपला चिकटवतात त्या सोल्यूशनने जोडायची. त्या वासावरून आमचे सेक्रेटरी दोनदा गच्चीवर येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा सासूबाईंनीच त्यांना सांगितलं, "तिचं काम चालू आहे, नंतर या."

तर तो फोटो. सिनेमात त्या पहारेकरणीचं छातीचं कवच सपाट आणि रुंद आहे, एखाद्या दाराच्या फळीसारखं. कंपनीने त्यावर दोन गोल घुमट काढले होते. कंबर आत ओढली होती. बाई आहे हे लांबूनच कळावं, एवढ्यासाठी. आणि सिनेमात तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा मोठा आहे, कारण वार त्या बाजूने येतात. कंपनीने दोन्ही खांदे सारखे करून टाकले होते. मूर्ती करणाऱ्याने डोळे सारखे करावेत तसे.

ग्रुपवर दिवसभर हेच चाललं. कुणी म्हणे फोटोत तसं दिसतंय, हातात आल्यावर बघू. कुणी म्हणे परवाना म्हणजे फक्त नाव वापरायची मुभा, त्याचा बरोबर असण्याशी काय संबंध. त्या सगळ्यात एकच माणूस खूश होता, अंधेरीचे काका.

काका म्हणजे आमच्या ग्रुपमधले सगळ्यांत ज्येष्ठ. स्वतःची सीएची प्रॅक्टिस, साठीला आलेले, स्वतः काहीच बनवत नाहीत, पण त्यांच्या हॉलमध्ये काचेचं मोठं कपाट आहे आणि त्यात सिनेमातल्या तलवारी, मुखवटे, मुकुट, सगळं ऑफिशियल. प्रत्येकासोबत सोनेरी शिक्क्याचा कागद. आमच्यासारख्या चटई कापणाऱ्यांवर त्यांचा जीव होता, पण विश्वास शिक्क्यावर. त्यांनी चिलखत पहिल्याच दिवशी मागवलं. आलं तेव्हा आम्हा दोघांना घरी बोलावलं.

काकूंनी घावणे केले होते. त्या शाळेत उपमुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. दणकट बांधा, आवाज अजून वर्ग शांत करणारा. जेवणाच्या टेबलावर खोका होता आणि काकांनी हातात पांढरे मोजे चढवले होते.

"आधी खाऊन घ्या," काकू म्हणाल्या. "ते कुठे पळून जात नाही."

खोका उघडला. रंग अप्रतिम होता. तांब्यावरचा हिरवट गंज त्यांनी असा उतरवला होता की बोट फिरवलं तर हाताला लागेल असं वाटावं. माझ्या रंगात ती खोली नव्हती. मी ते तसंच बोलून दाखवलं आणि काकांचा चेहरा उजळला.

मग मित्राने खिशातून टेप काढली.

"डावा उजव्याएवढाच आहे, काका."

"मग?"

"सिनेमात डावा मोठा आहे."

"कॅमेऱ्याच्या कोनामुळे वाटत असेल तसं."

"प्रत्येक सीनमध्ये?"

"अरे, यांच्याकडे मूळ चिलखत असणार. त्यावरूनच साचे घेतले असणार ना. कागद आहे सोबत."

मित्राने कागद वाचला. "यात परवाना आहे असं लिहिलंय. साचा कशावरून घेतला ते नाही लिहिलेलं."

मी कंबरेकडे बघत होते. सिनेमात तिच्या पोटावर आडव्या पट्ट्या दिसतात, एकावर एक. इथेही पट्ट्या होत्या. पण मी नखाने चाचपलं तेव्हा कळलं, त्या पट्ट्या नव्हत्याच. एकसंध टणक कवचावर नुसत्या रेघा कोरल्या होत्या.

"हे वाकत नाही, काका," मी म्हटलं.

काकांनी मोजे काढले. "तुम्हा लोकांचं ना, एक ठरलेलं आहे. मोठ्या कंपनीने काही केलं की ते चूक. गच्चीवर चटया कापून केलं की बरोबर. हे घालायला नाही घेतलं मी, बघायला घेतलंय."

"मला एक सांगा," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ही बाई बसायची कशी?"

 काकांनी झाकण लावलं.

परतताना आम्ही अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला आलो. मित्र खिडकीबाहेर बघत होता. माझ्या डोक्यात तो रंग जात नव्हता.

"मत्सर वाटतोय का रे आपल्याला?" मी विचारलं.

त्याने विचार केला. "असेल. पण डावा खांदा मोठाच आहे."

काकूंचा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला. पुढच्या रविवारी मी गच्चीवर माझं चिलखत पूर्ण चढवलं आणि फरशीला कान लावायला खाली वाकले. अर्ध्यात अडकले. मांडीची पाती पोटात घुसली, छातीचं कवच वर सरकून हनुवटीला लागलं. मित्राने हात दिला तेव्हा कुठे उठता आलं. म्हणजे दुसऱ्याच्या चिलखताला नावं ठेवून आले आणि माझ्याही चिलखतात बाईला बसता येत नव्हतं. आजवर ते घालून मी फक्त उभी राहिले होते, फोटोपुरती.

रागच आला स्वतःचा. दिवसभर मी लोकांना सांगते की पाठ म्हणजे एक काठी नाही, एकेक मणका थोडा थोडा वाकतो म्हणून माणूस वाकतो. आणि स्वतः मात्र चिलखताचं पोट केलं होतं ते सरळसोट फळीसारखं.

उपाय सापडला तो ओट्यापाशी. कोलंबी सोलत होते. सोलता सोलता एक हातात धरून वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. कवचाची प्रत्येक कडी पुढच्या कडीखाली सरकत होती, कुठे फट नाही, कुठे अडकणं नाही. मी तशाच ओल्या हाताने मित्राला फोन लावला. "सिनेमा लाव. ती वाकते तो सीन. पोटाकडे बघ. पट्ट्या एकमेकींखाली सरकतायत का?"

पलीकडून सिनेमाचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "सरकतायत. यार, डॉक्टर, सरकतायत. वरची खालचीच्या आत जाते."

सासूबाई मागे उभ्या होत्या. "कोलंबी करणार आहेस का आज?" त्यांनी विचारलं.

नवं पोट करायला पावसाळा अख्खा गेला. पट्ट्या आतून मऊ चामड्याच्या वाद्यांवर बसवल्या, प्रत्येक पट्टीला सरकायला जागा ठेवली. वाद्या सासूबाईंनी जाड सुईने शिवल्या. मुलीने माझ्याकडून रंगाचा डबा काढून घेतला आणि तिच्या पद्धतीने, स्पंजने, थरावर थर देत गेली. तिचा हिरवट रंग काकांच्या चिलखतावरच्याइतका नव्हता, पण जवळ गेला होता. एका सकाळी मी गच्चीवर गुडघ्यावर बसले, वाकले, आणि गार फरशी कानाला लागली. खाली कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता तो ऐकू आला. मी तशीच राहिले. उठावंसंच वाटेना.

त्याच सुमारास त्या सिनेमाचा दुसरा भाग येणार असल्याची जाहिरात झाली आणि अंधेरीतल्या एका मॉलने वेशभूषेची स्पर्धा ठेवली. नियम वाचून मित्र भडकला. चिलखत किती बरोबर आहे हे ठरवायला कंपनीची ऑफिशियल प्रतिकृती हाच नमुना धरला जाणार होता.

"म्हणजे आपण सिनेमासारखं केलं म्हणून आपले मार्क कापणार," तो म्हणाला. "नको जाऊस तू. कशाला अपमान करून घ्यायचा?"

मी म्हटलं, "मी जाणार. मार्क कापले तर समोर बसून कापू दे."

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. त्या घावण्यांच्या दिवसानंतर ते ग्रुपवर फारसे बोलले नव्हते. मॉलवाल्यांना नमुन्याचं चिलखत वेळेत मिळेना, म्हणून त्यांनी काकांचं मागितलं होतं. एका मॉडेलला ते घालून स्टेजवर उभं करणार होते. "तू येणारेस ना?" काकांनी विचारलं. आवाजात काहीतरी अडखळत होतं. मी हो म्हटलं.

स्पर्धेच्या दिवशी मॉलच्या मधल्या चौकात स्टेज होतं, मागे मोठा पडदा, त्यावर पहिल्या सिनेमाचे तुकडे सारखे फिरत होते. सरकत्या जिन्यांवरून, वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून माणसं बघत होती. स्टेजमागच्या खोलीत मी चिलखत चढवत होते तेवढ्यात काका घाईघाईने आत आले. "जरा येतेस? त्या पोरीला बघ ना."

मॉडेल उंच, शिडशिडीत, विशीतली मुलगी होती. चिलखतात ती भिंतीला टेकून उभी होती आणि वरवरचे छोटे श्वास घेत होती. कंबरेच्या कवचाने बरगड्या खालून आवळल्या होत्या. मी बाजूचे दोन पट्टे सैल केले, मागे घडी घातलेला माझा पंचा सरकवला आणि तिला म्हटलं, "आता नाकाने घे. पोट फुगव." ती म्हणाली, "मॅम, जागाच नाही फुगवायला." मग स्वतःच हसली. हसतानाही तिला दुखलं.

"स्टेजवर मला जमिनीला कान लावायला सांगितलंय," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना, होणार नाही. कुणी ऐकतच नाही."

"तू फक्त उभी राहा," मी म्हटलं. "कुणी काही बोललं तर सांग, डॉक्टरने सांगितलंय."

काका सगळं बघत होते. त्यांनी माझ्या पोटावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, एक पट्टी बोटाने वर ढकलली, ती सरकली, परत जागेवर आली. त्यांनी पुन्हा ढकलली. 

परीक्षक दोघं होते. एक कंपनीच्या वितरकाकडून आलेला तरुण, हातात टॅब. दुसऱ्या, जाहिरातींसाठी वेशभूषा करणाऱ्या एक बाई, केस पांढरे, चष्मा गळ्यात लोंबता. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी जिना चढून वर गेले. मॉडेल आधीच एका बाजूला उभी होती. तरुणाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, फिनिशिंग छान आहे," तो म्हणाला. "पण तुमचा डावा खांदा मोठा झालाय. छातीचा शेपही ऑफिशियलशी जुळत नाही. मला त्याचे पॉइंट्स कमी करावे लागतील."

माइक चालू होता. हे सगळ्या चौकाला ऐकू गेलं. मला वाटलं होतं मी चिडेन. पण आत अगदी शांत होतं.

"ऑफिशियलशी जुळत नाही, खरं आहे," मी म्हटलं. "मी सिनेमाशी जुळवलंय. तुमच्या मागे चालूच आहे तो. एकदा बघा."

तो वळला. पडद्यावर त्या वेळी दुसराच प्रसंग चालू होता, समुद्र आणि गलबतं. चौकातली माणसंही पडद्याकडे बघायला लागली. मग पहारेकरीण आली. दारात उभी, खांदे मागे. डावा खांदा उजव्याहून मोठा, कुणालाही दिसावा इतका. छाती सपाट. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी बाई म्हणाली, "अगं खरंच की." तिच्या आजूबाजूला हसू पसरलं. तरुणाने टॅबवर बोट नेलं आणि तिथेच ठेवलं.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा लावला. त्या खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आल्या, पोटावरच्या पट्ट्या जवळून पाहिल्या. "यात वाकता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"दाखवा."

मागे तोच प्रसंग सुरू झाला होता. तो योगायोग होता की पडदा चालवणाऱ्याने मुद्दाम लावला, मला आजही माहीत नाही. मी उजव्या गुडघ्यावर बसले. पट्ट्या एकीखाली एक गेल्या, आवाज न करता. मी वाकले आणि स्टेजच्या फळीला कान लावला.

आधी खालच्या स्पीकरची घरघर ऐकू आली. मग ती थांबली, कुणीतरी संगीत बंद केलं असावं. चौक हळूहळू शांत होत गेला. एवढा मोठा मॉल, रविवारची गर्दी, आणि लोक गप्प झाले. फळीतून मला माणसांच्या पायांची हालचाल जाणवत होती. माझे खांदे वर, सगळ्यांसमोर, जेवढे आहेत तेवढे. मी ते आत घेतले नाहीत.

उठले तेव्हा टाळ्या सुरू झाल्या त्या वरच्या मजल्यांवरून खाली येत गेल्या. मॉडेल वाजवत होती, चिलखतात कोपर जेवढं वळेल तेवढं. मित्र स्टेजच्या कडेला तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या मारत होता, भांडुपचा आहे तो शेवटी. आणि नवऱ्याने सासूबाईंना खुर्चीवर उभं केलं होतं, ते बघून माझा जीव मात्र घाबरला.

पहिला नंबर मला दिला. तरुणाने स्वतः येऊन सांगितलं, "मॅडम, नियम मी नव्हता केला." चांगला मुलगा होता. बक्षीस काय, तर त्याच कंपनीचं ऑफिशियल हेल्मेट. ते घेऊन आम्ही उपाहारगृहात बसलो आणि मित्राने डोशाची ऑर्डर द्यायच्या आधी टेप काढली. "कपाळपट्टी तिरकी आहे," तो म्हणाला. सगळे इतके हसलो की बाजूच्या टेबलावरचेही हसायला लागले. ते हेल्मेट आता क्लिनिकमध्ये आहे. मान आखडलेले पेशंट त्याच्याकडे बघायला आपणहून मान वळवतात.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत काकांची गाडी आली. काका आणि काकू दोघं मिळून तो खोका लिफ्टने वर घेऊन आले. काकांनी तो गच्चीवर टेकवला आणि म्हणाले, "हे कापायचंय."

मित्राला वाटलं ते चेष्टा करतायत. "काका, एकदा कापलं की हे ऑफिशियल राहणार नाही."

"माहीत आहे."

"कपाटात काय ठेवाल?"

"कपाटात नाही ठेवायचं. हिला घालायचंय."

काकू गच्चीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. "मी बरेच दिवस मागे लागलेय त्यांच्या," त्या म्हणाल्या. "स्पर्धेच्या दिवशी तुला बघितलं ना, तेव्हापासून. पण मला ते घुमट नकोत हां. आणि मला बसता आलं पाहिजे."

मित्राने खडूने रेघा मारल्या. पहिला काप कुणी घ्यायचा यावर थोडा वेळ अडलं. शेवटी काकांनीच नाकावर फडकं बांधलं आणि बारीक पात्याची करवत हातात घेतली.  पातं त्या सुंदर हिरवट रंगात शिरलं, पांढरी भुकटी उडाली, आणि काकांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि कापत राहिले. अर्ध्यावर आल्यावर तर त्यांना मजा यायला लागली. "हे आतून पोकळच आहे की," ते म्हणाले.

थंडीभर ते दर रविवारी येत राहिले. छाती आम्ही सपाट केली, डावा खांदा फोमने वाढवला, कंबरेचं टणक कवच काढून टाकून तिथे पट्ट्या बसवल्या. काकांनी वाद्यांना भोकं पाडायला शिकून घेतलं आणि त्यात ते आमच्याहून नेटके निघाले. जिथे नवा फोम जुन्या भागाला भेटत होता तिथे माझ्या मुलीने रंग मिसळला. कंपनीचा तो रंग आम्ही जपला, जिथे जिथे जपता आला तिथे. तो खरोखरच चांगला होता, आणि त्याला नावं ठेवायचं कुणालाच कारण नव्हतं.

काकूंनी ते पहिल्यांदा पूर्ण घातलं तेव्हा गच्चीवर उतरतं ऊन होतं. मी सवयीने म्हटलं, "खोल श्वास घ्या." त्यांनी घेतला, सोडला, पुन्हा घेतला. खांदे फिरवले. खुर्चीवर बसल्या, उठल्या. काका समोर उभे राहून बघत होते, मोजे नाहीत, कागद नाही.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"उकडतंय," काकू म्हणाल्या. "जरा खाली चक्कर मारून येते."

त्या लिफ्टने एकट्याच गेल्या. आम्ही सगळे कठड्याशी धावलो. खाली आवारात सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरी बॉक्स क्रिकेटचा सराव करत होत्या. काकू इमारतीतून बाहेर पडल्या आणि खेळ थांबला. बॅट हातात घेऊन पोरगी बघतच राहिली. सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन फाटकातून येत होते, तेही जागच्या जागी उभे. बॉल घरंगळत काकूंच्या पायापाशी येऊन थांबला होता.

काकू वाकल्या, बॉल उचलला, एक पाऊल मागे घेतलं आणि सरळ स्टंपवर मारला. स्टंप म्हणून ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची आडवी झाली.

"आउट," काकू म्हणाल्या, आणि फाटकाकडे चालत राहिल्या.